हे मागून येतील

फोन वाजला तेव्हा मी पुलाच्या बरोबर मध्यावर होतो. आठ वाजून एकतीस मिनिटं. पुढे दुधाचा टँकर, मागे कुणाची तरी पिवळी गाडी, आणि गेली नऊ मिनिटं माझं चाक हललेलं नव्हतं. ही नऊ मिनिटं मी मांडीवरच्या वहीत लिहूनही ठेवली होती. खिशातून फोन काढला आणि न बघताच कानाला लावला. "काकू, उद्याची गाडी नक्की ना?" पलीकडचा माणूस घाईघाईनं म्हणाला. "पहाटे साडेपाच, बंदरावर. एकच माणूस, एकच बॅग. बरोबर?" मी म्हणालो, "कोण काकू?" तो म्हणाला, "काका बोलताय का? मी टॅक्सीवाला. काकूंनी परवा सांगून ठेवलंय. मी आपलं पक्कं करायला फोन केला. त्या म्हणाल्या होत्या, मी एकटीच आहे, हे मागून येतील." यावर माणसानं काय म्हणायला हवं होतं ते मला आता दहा प्रकारे सुचतं. तेव्हा सुचलं ते एवढंच. "हो," मी म्हणालो, "एकच माणूस. मी मागून येणार आहे." तो "बरं काका" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. टँकर चार पावलं पुढे सरकला, मी सरकलोच नाही, आणि पिवळ्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून मला माझ्या जागी आणलं.

फोन हिचा होता. आमच्या लेकीनं गेल्या वर्षी आम्हा दोघांना एकसारखे फोन पाठवले, एकसारख्या काळ्या कव्हरांत, म्हणजे म्हाताऱ्यांनी एकमेकांकडून शिकावं. शिकलो काही नाही, अदलाबदली मात्र रोजची झाली. शेवटी हिनं आपल्या फोनच्या पाठीला नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला. सकाळी टेबलावरून उचलताना मी ठिपका पाहिला नव्हता. आता पाहत होतो. म्हणजे माझा फोन घरी हिच्याजवळ होता, आणि माझ्या फोनवर मला कुणाचाच फोन येत नाही, तेव्हा तिकडे शांतता असणार. इकडे मात्र माझ्या डोक्यात नुसता गलका. हिनं टॅक्सी का ठरवली? घरात गाडी आहे. गाडी चालवणारा नवरा आहे. तिकिटं दोन आहेत, दोघांची नावं मी स्वतः चष्मा लावून वाचली आहेत. बोटीवरच्या खोलीत पलंग दोन आहेत. मग एकच माणूस हा हिशेब कुठून आला?

मी चौतीस वर्षं शहराच्या बस कंपनीत वेळापत्रक विभागात काढली. कुठली बस किती वाजता सुटेल, पुढच्या चौकात किती मिनिटांनी पोचेल, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर किती मिनिटं पाय मोकळे करेल, हे सगळं मी आणि माझे चार सहकारी ठरवायचो. प्रत्येक फेरीच्या शेवटी पाचसात मिनिटं जास्तीची ठेवायची रीत होती, वाटेत उशीर झाला तर भरून काढायला. तिला आम्ही सावरण म्हणत असू. "अमक्या मार्गाला सावरण किती?" "सात मिनिटं, साहेब." मला तिथं मिनिटराव म्हणत, तोंडावर सुद्धा, आणि मला ते आवडायचं. माणूस एकदा मिनिटराव झाला की निवृत्त झाल्यावरही त्याचं काही खरं नसतं. लेकीनं जेव्हा आम्हाला नऊ दिवसांची बोटीची सफर काढून दिली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो बोट कुठं कुठं जाते हा नव्हताच. बंदरावर किती वाजता पोचायचं, हा होता. बोट दुपारी एकला सुटणार. माणसं आत घ्यायला सुरुवात दहाला, दार बंद साडेअकराला, मग राजा असो की रंक. घरापासून बंदर एकतीस किलोमीटर. सकाळची गर्दी सव्वासातला सुरू होते आणि साडेनऊला ओसरते. तेव्हा नऊ पस्तीसला घर सोडायचं, पूल ओलांडला की डावीकडे बाहेरचा लांबचा रस्ता धरायचा, दहा चाळीसला बंदर. सावरण पन्नास मिनिटं. एवढी सावरण मी आयुष्यात कुठल्या बसला दिली नव्हती. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आदल्या दिवशीच जाऊन तिकडे राहा ना, कशाला जिवाला घोर." मी म्हणालो, "तासाभराच्या रस्त्याला मुक्काम? मग माझी चौतीस वर्षं काय पाण्यात गेली?"

परवा संध्याकाळी मी तो कागद हिच्यापुढे ठेवला. हिनं चष्मा लावला, बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं, आणि एका जागी बोट थांबलं. "जुना रस्ता नाही धरलात? तो जवळचा आहे ना?" मी म्हणालो, "जवळचा आहे, पण तिथं चौकाचौकांत फार वेळ जातो." ती म्हणाली, "हं." चष्मा काढून ठेवला आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. मला वाटलं लेकीशी बोलते आहे. म्हणजे कागद वाचल्यावर दोन मिनिटांत टॅक्सी. पुलावर बसून मी हे जुळवलं तेव्हा आधी मला रागच आला. शहरातल्या लाखो माणसांनी माझ्या वेळापत्रकावर विसंबून नोकऱ्या केल्या, लग्नं गाठली, आणि घरच्या एका माणसाला ते पुरत नाही. मग राग कमी झाला आणि दुसरंच काही आठवायला लागलं. बॅगा. एक्केचाळीस वर्षं आम्ही कुठंही गेलो तरी बॅग एकच. माझे शर्ट खाली, हिचे कपडे वर, जागेवरून भांडण ठरलेलं. या वेळी ही म्हणाली, "तुमची तुम्ही भरा." मी समजलो, माझ्या गुडघ्यामुळे एवढं ओझं नको म्हणून. हिची बॅग आठ दिवसांपासून दाराशी बंद उभी आहे. माझी पलंगावर आ वासून पडली आहे आणि तिच्यात अजून फक्त मोजे आहेत. आता या बॅगांचा अर्थ काय काढायचा? बायको नवऱ्याला सोडून निघाली, असं म्हणावं तर दोघांचं तिकीट एकाच बोटीचं, एकाच खोलीचं. सोबत निघाली म्हणावं तर टॅक्सीत एकच माणूस. मी वहीत दोन्ही बाजू लिहून काढल्या असत्या, पण टँकर हलला आणि गाडी गिअरमध्ये टाकावी लागली.

आज मी निघालो होतो ते खरं तर गर्दी डोळ्यांनी बघायला. आमच्या विभागाची ही शिस्त. कागदावर मार्ग आखला की एकदा तरी त्याच्या सगळ्यात वाईट वेळेला स्वतः जाऊन यायचं. आठ पाचला घरून निघालो तेव्हा ही दारात उभी राहून म्हणाली होती, "उद्या जायचंच आहे की. आज कशाला?" मी म्हणालो, "उद्या चुकायला नको म्हणून." यावर ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. ते बघणं मला आता पुलावर आठवत होतं, आणि त्याच्याबरोबर तो टॅक्सीवाल्याचा शब्द. मागून. हे मागून येतील. तो शब्द मी असाच, हिच्याच आवाजात, पूर्वी ऐकला होता. कुठं? ऑफिसात एक लेखनिक होता, कुठलीही फाइल उशिरा आली की म्हणायचा, "आलं का वरातीमागून घोडं!" पण ते ते नव्हतं. मला दार आठवत होतं. आमचंच दार, याच घराचं, आणि ही त्या दारात चपला घालून उभी. हातात पर्स. केस विंचरलेले नव्हते. "मी टॅक्सीनं पुढे होते. तुम्ही मागून या." पूल संपत आला होता. डावीकडे माझ्या कागदावरचा लांबचा रस्ता, पाटीही दिसत होती. मी डावीकडे वळणार म्हणून इशाऱ्याचा दिवा लावला, आणि सरळ गेलो. पिवळ्या गाडीवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला. त्याचं बरोबर होतं. वळायचा दिवा लावून सरळ जाणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते मलाही माहीत नाही.

सरळ म्हणजे जुना रस्ता. त्याच्यावर हॉस्पिटल आहे. अकरा वर्षांपूर्वी सासरे तिथं होते. सासरे बंदरात रंगारी होते. बोट कोरड्या गोदीत घेतली की तिच्या पोटाला लाल रंग लावायचा, पाण्याखाली राहणाऱ्या भागाला, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं लावला. नखांच्या कडांत तो लाल रंग कायमचा जाऊन बसला होता. "आपलं काम कुणाला दिसत नाही, जावईबापू," मला म्हणायचे, "दिसलं तर बोट बुडाली समजायचं." आणि स्वतःच हसायचे. स्वतः एकाही बोटीतून कधी कुठं गेले नाहीत. तर त्या दिवशी सकाळी सव्वासातला हॉस्पिटलातून फोन आला की लगेच या. ही पाच मिनिटांत चपला घालून दारात. आणि मी घड्याळ बघितलं. मी म्हणालो, आत्ता निघालो तर पंच्याहत्तर मिनिटं लागतील, नुसते रस्त्यात अडकून बसू. गर्दी ओसरली की निघू. सव्वानऊला निघालं की पस्तीस मिनिटांत पोचू. तेव्हा ती म्हणाली, मी पुढे होते, तुम्ही मागून या. आणि मी, वेळापत्रक विभागातला मिनिटराव, म्हणालो, "पुढे-मागे कशाला? एकत्रच जाऊ की. टॅक्सी काय उडत जाणार आहे?" तिनं ऐकलं. चपला काढल्या नाहीत, दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली, दोन तास. मी त्या दोन तासांत दाढी केली. सव्वानऊला निघालो. नऊ पन्नासला पोचलो. माझा आकडा एका मिनिटानं सुद्धा चुकला नाही, आणि गाडी लावताना, देवाशपथ सांगतो, मला त्याचं बरं वाटलं होतं. आत नर्स म्हणाली, "वीस मिनिटं झाली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते."

ही रडली नाही. त्यांचे हात सरळ केले, एक एक बोट नीट केलं आणि चादरीवर ठेवलं. मला एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही, नंतर नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडणाला निदान सुरुवात आणि शेवट असतो. आता गाडी चालवता चालवता मला एकदम दिसलं की त्या दिवसापासून ही कुठंही माझ्याबरोबर निघालेली नाही. लग्नाला जायचं, "मी पुढे होते." डॉक्टरकडे जायचं, "मी पुढे होते, तुम्ही या." लेकीला स्टेशनवर सोडायला सुद्धा ही लेकीबरोबर टॅक्सीत, आणि मी गाडी घेऊन मागून. मी तिची थट्टा करायचो, "तुला कुठं आग विझवायला जायचंय?" ती म्हणायची, "हं." अकरा वर्षं मी हा तिचा उतावळेपणा समजत आलो. चारचौघांत सांगितला, लोक हसले, ती पण हसली. अकरा वर्षं बायको माझ्या पुढे निघते आहे आणि मला वाटतंय आम्ही एकत्र राहतो.

हॉस्पिटलसमोर मी गाडी बाजूला घेतली. नऊ वाजून बारा मिनिटं. इमारतीला नवा रंग दिला आहे, फाटकही हलवलं आहे की काय कोण जाणे. मला वाटत होतं ते या बाजूला होतं, पण इथं आता औषधांचं दुकान होतं. सासऱ्यांची खोली कुठली, दुसऱ्या मजल्यावरची की तिसऱ्या, तेही नक्की सांगता येईना. फक्त आकडे तेवढे नक्की. मी वहीत लिहिलं: आठ पाच ते नऊ बारा. सदुसष्ट मिनिटं, ऐन गर्दीत, पुलावर खोळंबून. त्या दिवशी मी हिला पंच्याहत्तर सांगितली होती. म्हणजे आठ मिनिटं मी जास्तीची धरली होती. सवयीनं. सावरण म्हणून. मी वही मिटली, मग पुन्हा उघडून पाहिली, आकडा तोच होता. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं, कारण फोन हिचा होता आणि माझा नंबर लावला तर उचलणारही हीच.

बंदरावर पोचलो तेव्हा नऊ सत्तावन्न. धक्का रिकामा होता. लोखंडी फाटकाशी एक पहारेकरी खुर्चीत बसला होता. मी काच खाली करून विचारलं, "उद्याच्या बोटीची माणसं इथूनच ना?" "इथूनच. पण दहाच्या आधी आत सोडत नाहीत." मी म्हणालो, "कुणी साडेसहालाच येऊन बसलं तर?" त्याला यात काही नवल वाटलं नाही. "बसू दे की. तिकडे बाकडी आहेत. बोट आत येते ना साडेसहाला. पुष्कळ जण येतात बघायला." मी त्या बाकांकडे बघत राहिलो. येणारी बोट बघावी, सासरे म्हणायचे. जाणाऱ्या बोटीत काय बघायचं, ती नुसती पाठ दाखवते. ही सातआठ वर्षांची असताना ते तिला पहाटे उठवून इथं आणायचे, रिकामी बोट पाण्यावर उचलली गेली असली आणि लाल रंगाची एक रेघ दिसली तर म्हणायचे, बघ, ती माझी. हे सगळं ही मला लग्न झाल्या झाल्या सांगायची, अगदी आवाज काढून. मग कधीतरी सांगायची बंद झाली. म्हणजे ही मला सोडून चालली नव्हती, ती बोट बघायला चालली होती. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. मला सोडून गेली असती तर निदान भांडता आलं असतं. ही तर मला न सांगता, न दुखावता, माझं वेळापत्रक जसंच्या तसं राहू देऊन, आपली वेगळी निघाली होती. यात मला आनंद व्हावा की लाज वाटावी, मला ठरवता येईना. परतीचा रस्ता मोकळा होता. मी वेळ लिहायला विसरलो.

घरी आलो तेव्हा ही टेबलाशी बसून औषधांच्या गोळ्या डब्यांत भरत होती, नऊ दिवसांच्या. दोन डबे होते. माझा फोन तिच्या कोपराशी पडला होता. "किती लागले?" तिनं वर न बघता विचारलं.

"एक तास बावन्न मिनिटं. जुन्या रस्त्यानं गेलो."

गोळी तिच्या बोटांत तशीच राहिली. मग तिनं ती डब्यात टाकली. मी तिचा फोन ठिपका वर करून तिच्यापुढे ठेवला. "टॅक्सीवाल्याचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"एकच माणूस का, विचारत होता."

"मग?"

"मी हो म्हणालो."

तिनं पुढची गोळी उचलली. मी म्हणालो, "बोट साडेसहाला येते. पहारेकरी म्हणाला. मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच फार झालं. "गर्दी ओसरली की निघू."

मी खुर्ची ओढून बसलो. "त्या दिवशी," मी म्हणालो, आणि कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही, "तू म्हणालीस तेव्हाच निघायला हवं होतं. माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली."

तिनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "आठला निघालो असतो तरी पंधरा मिनिटं मिळाली असती," ती म्हणाली. "पंच्याहत्तर मिनिटं तुम्हीच सांगितली होती. मी मोजलंय."

अकरा वर्षं ती हा आकडा घेऊन या घरात वावरत होती, स्वयंपाक करत होती, माझ्या थट्टेला हसत होती. मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. शहाण्या माणसानं गप्पच राहावं. पण चौतीस वर्षांत मी एक आकडा खोटा दिला नव्हता, आणि तिच्याजवळचा आकडा माझ्यामुळे खोटा होता. "तेवीस," मी म्हणालो. "आज मोजलं. हॉस्पिटलपर्यंत सदुसष्टच लागतात. तेवीस मिनिटं मिळाली असती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सकाळी दारात पाहिलं होतं तसंच. मग तिचा चेहरा हलला आणि मला वाटलं आता ही रडणार, पण ती हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाली, "अकरा वर्षांनी वेळापत्रक सुधारलंत." आणि मग मात्र रडली, गोळ्यांच्या डब्यांवर हात ठेवून, वडील गेले तेव्हा रडली नव्हती तेवढी. मी काही केलं नाही. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. तिच्या हाताशेजारी हात ठेवला, एवढंच.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्या डब्यातली एक गोळी चुकीच्या घरात पडली होती ती काढून बरोबर घरात टाकली. मी म्हणालो, "त्या टॅक्सीवाल्याला मी एकच माणूस सांगून बसलोय."

"चार बसतात त्यात," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

हा होकार होता की तिनं मला टॅक्सीची नुसती माहिती दिली, ते मला नीट कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. संध्याकाळी मी माझी बॅग भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मी खाली फुटपाथवर बॅगेवर बसलो होतो. टॅक्सी यायची होती. आमच्या खिडकीत दिवा लागलेला दिसत होता, आणि थोड्या वेळानं जिन्यात हिच्या चपलांचा आवाज आला.